विचर ३ पहिल्यांदा खेळताय? मग व्हाइट ऑर्चर्डमधून घाईनं निघू नका

मागच्या मे महिन्यात माझा मावसभाऊ सुट्टीला आमच्याकडे इंदूरला आला होता. कॉलेजात आहे, मोबाइलवर गोळ्या झाडायचे गेम भरपूर खेळतो, पण गोष्टीवाला मोठा गेम त्यानं कधी हातात घेतला नव्हता, म्हणून मी त्याला विचर ३ लावून दिला आणि ऑफिसला निघून गेलो. चौथ्या दिवशी पाहतो तर पठ्ठ्या परत मोबाइलवर. विचारलं तर म्हणे, "दादा, जिकडे जातो तिकडे मरतो, आणि बाकी सगळे नुसते बोलतच बसतात." मग त्याचं सेव्ह उघडून पाहिलं. गेराल्ट, म्हणजे गेममधला आपला माणूस, तिसऱ्या लेव्हलला, मिळालेले पॉइंट तसेच पडलेले, तलवारीला लावायचं एकही तेल बनवलेलं नाही, तलवार मोडायला आलेली, आणि उभा कुठे, तर वेलेन या पुढच्या भागातल्या दलदलीत, समोर डोक्यावर लाल कवटी असलेला, म्हणजे त्याच्या मानानं फारच भारी, राक्षस. त्याची काही चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघं बसलो आणि पहिल्यापासून परत सुरू केलं, आणि त्या पंधरा दिवसांत मी त्याला जे जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण हा गेम अर्धवट सोडणारे बहुतेक लोक पहिल्या दहा तासांतच सोडतात आणि त्यांना खरा गेम दिसलेलाच नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी हा आहे काय ते थोडक्यात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं १९ मे २०१५ ला काढलेला गेम, तिथल्याच कादंबऱ्यांच्या मालिकेतल्या पात्रांवर बेतलेला. तुम्ही गेराल्ट असता, म्हणजे विचर, पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. सिरी नावाची मुलगी, जिला त्यानं स्वतःच्या पोरीसारखं वाढवलं, ती संकटात आहे आणि तिला शोधायचंय. एवढीच गोष्ट आहे बघा, आणि तरीही मुख्य गोष्टीलाच पन्नासेक तास लागतात, बाकीचं सगळं करत गेलात तर शंभराच्या वर सहज जातात. आधीचे दोन भाग खेळलेले नसले तरी काही अडत नाही. मीसुद्धा थेट तिसऱ्यापासूनच सुरू केलं होतं. नवीन गेम सुरू करताना दुसऱ्या भागातले निर्णय धरायचे का असं विचारतात, तिथे नाही म्हणा, नाहीतर पुढे एक सेनापती तुम्हाला अशा गोष्टी विचारत बसेल ज्यांची नावंसुद्धा तुम्ही ऐकलेली नाहीत.

विकत घेताना कम्प्लीट एडिशन घ्या, त्यात हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन हे दोन्ही एक्स्पान्शन, म्हणजे नंतर काढलेल्या जोडगोष्टी, येतात आणि सेल लागला की सगळं मिळून बऱ्याचदा फार स्वस्तात मिळतं. पण हे दोन्ही नंतरसाठी आहेत, पहिलं साधारण ३० लेव्हलला आणि दुसरं ३४ च्या पुढे, आणि खेळायचेही याच क्रमानं. मेनूमध्ये थेट एक्स्पान्शनच सुरू करायचा पर्याय दिसतो, पहिल्यांदा खेळताना तो बिलकुल दाबू नका.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर डिस्कवर ५० जीबी जागा मोकळी ठेवा, आणि जमलं तर एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवरच टाका कारण मेल्यावर परत लोड व्हायला साध्या हार्ड डिस्कवर फार वेळ जातो आणि सुरुवातीला मरणं तर होणारच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मोठा फुकट अपडेट आला, तेव्हापासून सुरू करताना डायरेक्टएक्स, म्हणजे ग्राफिक्स चालवणारी यंत्रणा, ११ की १२ असं विचारतं. जुना लॅपटॉप किंवा मध्यम ग्राफिक्स कार्ड असेल तर ११ घ्या. सेटिंगमध्ये हेअरवर्क्स म्हणून आहे, केस आणि लोकर छान दिसण्यासाठी, ते बंद करा, एवढ्यानंच खूप फरक पडतो. आमच्या इंदूरात मे महिन्यात दुपारी पारा चाळिसाच्या वर असतो, अशा वेळी सेटिंगमध्ये सेकंदाला ३० फ्रेमची मर्यादा घाला आणि लॅपटॉपच्या खाली हवा खेळू द्या. माझा एकदा खेळता खेळता तापून बंद पडला होता, तेव्हापासून मी उन्हाळ्यात रात्री जेवण झाल्यावरच बसतो.

भाषेचं पण सांगून टाकतो, कारण घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवायचं असेल तर हे कामाला येतं. हिंदी नाही, मराठी तर नाहीच. इंग्रजी आवाज आणि खाली सबटायटल चालू ठेवा, अक्षरं मोठी करायची सोय आता आहे ती वापरा. बोलणारे लोक वेगवेगळ्या लहेजात बोलतात, खेड्यातले वेगळे, बेटांवरचे वेगळे, नुसतं ऐकून पहिल्या दिवशी अर्धंच कळतं.

डिफिकल्टीच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यात सोपी जस्ट द स्टोरी, मग स्टोरी अँड सोर्ड, मग ब्लड अँड ब्रोकन बोन्स आणि शेवटची डेथ मार्च. नवीन माणसानं दुसरी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलीत मरण्याची भीतीच राहत नाही त्यामुळे तेल, औषध, बॉम्ब यांना हात लावायची गरजच पडत नाही आणि मग विचर असण्यातली अर्धी मजा जाते. वरच्या दोन्हीत ध्यान लावून, म्हणजे मेडिटेशन करून, जखमा भरत नाहीत, पहिल्या दोन्हीत भरतात, नवख्यासाठी हा फरक फार मोठा आहे. आणि ही पातळी कधीही मध्येच बदलता येते, तेव्हा त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. शत्रूंची लेव्हल तुमच्याबरोबर वाढवायचा एक पर्याय आहे, तो मात्र बंदच ठेवा.

आता मुख्य गोष्ट, व्हाइट ऑर्चर्ड.

कॅर मॉर्हेन या विचरांच्या किल्ल्यातलं शिकवणीचं प्रकरण झालं की तुम्ही वेसमिरबरोबर, म्हणजे गेराल्टच्या म्हाताऱ्या गुरूबरोबर, या छोट्या भागात येता. एक गाव, एक सराय, थोडी शेतं, नदी, जळकी झोपडी, लढाईनंतर पडलेली प्रेतं. नकाशा लहान आहे म्हणून लोकांना वाटतं हे नुसतं ट्युटोरिअल, पटकन ग्रिफिन, म्हणजे इथला मोठा उडता राक्षस, मारू आणि पुढे जाऊ. माझा भाऊ तीन तासांत निघून गेला होता. मी म्हणतो इथे आठ-दहा तास काढा. पुढे शंभर तास जे जे करायचंय ते सगळं इथे लहान प्रमाणात ठेवलेलं आहे, आणि इथे चुकलात तर फार महागात पडत नाही.

सरायीत पोचलात की बाहेरची नोटीस लावलेली फळी वाचा. प्रत्येक गावात अशी फळी असते आणि नवीन गावात गेल्यावर आधी तिथेच जायची सवय लावा, कारण कामं तिथूनच मिळतात आणि आजूबाजूची ठिकाणं नकाशावर दिसायला लागतात. मग पहिलं काम म्हणजे प्लेसेस ऑफ पॉवर शोधा. मोठ्या उभ्या दगडांसारख्या जागा असतात, पहिल्यांदा हात लावलात की एक अबिलिटी पॉइंट मिळतो, आणि या एवढ्याशा भागात त्या सहा आहेत. सहा पॉइंट म्हणजे सहा लेव्हलची कमाई, तीसुद्धा जवळजवळ फुकट, काहींच्या आजूबाजूला भुतं किंवा डाकू असतील तेवढं बघून जा.

पण पॉइंट मिळाले म्हणजे काम झालं असं नाही, आणि इथेच जवळजवळ प्रत्येक नवखा फसतो. कॅरेक्टरच्या पानावर पॉइंट टाकून कौशल्य घेतलं तरी ते उजवीकडच्या खणात ओढून ठेवल्याशिवाय चालू होत नाही. माझ्या ओळखीतला एक जण वीस लेव्हलपर्यंत रिकाम्या खणांनी खेळला आणि गेम फार अवघड आहे म्हणून सांगत फिरत होता. खण कमी असतात, लेव्हलबरोबर वाढतात, म्हणून सगळीकडे एकेक पॉइंट शिंपडू नका. सुरुवातीला दोन-तीन पॉइंट फास्ट अटॅकवर आणि एक अ‍ॅक्सी या जादूच्या खुणेच्या डिल्यूजनवर टाका, कारण त्यानं बोलताना समोरच्याच्या मनावर परिणाम करता येतो आणि कितीतरी ठिकाणी मारामारी टळते. पुढे म्युटाजेन, म्हणजे राक्षसांपासून मिळणारे ताकद वाढवणारे अर्क, मिळतील, लाल, निळे, हिरवे. लाल म्युटाजेनच्या शेजारी लाल, म्हणजे लढाईची कौशल्यं, निळ्याशेजारी जादूच्या खुणा, हिरव्याशेजारी औषधं अशी जोडी लावली की जोर वाढतो. आणि समजा चुकलंच, तर एक औषध विकत मिळतं ज्यानं सगळे पॉइंट परत येतात, तेव्हा फार धास्ती घेऊ नका.

लढाईबद्दल. दोन तलवारी असतात, पोलादी माणसांसाठी आणि लांडगे-अस्वलांसारख्या साध्या जनावरांसाठी, चांदीची राक्षसांसाठी. गेम बहुतेक वेळा आपोआप बरोबर काढून देतो पण माणसं आणि राक्षस एकत्र आले की घोटाळा होतो, तेवढं लक्ष ठेवा. बटणं बडवत बसू नका. हा गेम पावलांचा आहे, दोन वार, बाजूला, परत दोन वार. बाजूला व्हायचे दोन प्रकार आहेत, छोटा डॉज आणि मोठी कोलांटी. नवीन लोक प्रत्येक वेळी कोलांटी मारतात आणि इतके लांब जातात की परत पोचेपर्यंत शत्रू सावरलेला असतो. छोटा डॉज वापरा, त्यानं तुम्ही शत्रूच्या कुशीतच राहता, कोलांटी फक्त ग्रिफिनसारख्या मोठ्या धुडासाठी ठेवा. माणसांचे वार तलवारीवर अडवता येतात, मोठ्या राक्षसांचे नाही. तीन-चार जण असतील तर मध्ये सापडू नका, मागे मागे सरकत एकेकाला घ्या, आमच्या लहानपणी लंगडीत कोपऱ्यात सापडलेला गडी आधी बाद व्हायचा, तसंच आहे हे.

जादूच्या पाच खुणा आहेत. आर्ड धक्का देते, इग्नी जाळते, यर्डेन जमिनीवर वर्तुळ काढून भुतांना अडकवते, क्वेन तुमच्याभोवती कवच घालते, आणि अ‍ॅक्सी मन फिरवते. शंका आली की क्वेन, पहिले वीस तास हा एकच नियम पाळलात तरी तुम्ही तगाल. लढाईच्या आधी लावायची, फुटली की मागे सरून स्टॅमिना भरू द्यायचा, परत लावायची.

तयारी हा या गेमचा जीव आहे, आणि तो कळण्यासाठी व्हाइट ऑर्चर्डमधलंच एक काम सांगतो, विहिरीवरच्या भुताचं. ओसाड पडलेली वस्ती, तिथल्या विहिरीपाशी भर दुपारी काहीतरी दिसतं, लोक पाणी भरायला जात नाहीत. हे ऐकलं आणि मला एकदम माझी आजी आठवली, ती कायम सांगायची, भर दुपारी बारा वाजता विहिरीकडे जाऊ नका रे. पोलंडकडच्या लोककथांतही अशी दुपारची बाई आहेच, शेतात भर उन्हात दिसणारी, आणि गेमवाल्यांनी तिलाच नूनरेथ म्हणून आणलंय. आता हे काम मिळालं की सरळ जाऊन तलवार चालवलीत तर ती धुरासारखी होते, वार लागतच नाहीत, आणि तीन-चार फटक्यांत तुम्ही खलास.

म्हणून असं करा. आधी ज्यानं काम दिलंय त्याच्याशी सगळं बोला आणि पैशाची घासाघीस करा, एक पट्टी वरखाली करून रक्कम मागता येते, फार ताणलंत तर समोरचा चिडतो, थोडं थोडं वाढवा. मग जागेवर जाऊन विचरची नजर वापरा, ठसे-पुरावे लाल दिसतात, काय झालं होतं ते हळूहळू उलगडतं. नंतर बेस्टिअरी, म्हणजे गेममधली राक्षसांच्या माहितीची वही, उघडा. राक्षसाच्या पानावर त्याला काय लागू पडतं ते दिलेलं असतं, या बाईला स्पेक्टर ऑइल, मून डस्ट बॉम्ब आणि यर्डेन. तेल बनवा, तलवारीला लावा, यर्डेनचं वर्तुळ काढा, ती आत आली की तिला शरीर येतं, तेव्हा वार करा. मध्ये ती स्वतःच्या आणखी छाया उभ्या करून तुमची ताकद ओढते, त्या आधी संपवा. पहिल्या वेळी मी याच्याविना सहा वेळा मेलो होतो आणि तयारी करून गेलो तर पहिल्याच झटक्यात झालं, त्या दिवशी मला कळलं की हा गेम मला हाताच्या वेगाचं विचारत नाहीये, अभ्यासाचं विचारतोय. ग्रिफिनचंही तसंच. वेसमिर क्रॉसबो देतो, वर उडाला की एक बाण मारून खाली पाडायचा आणि हायब्रिड ऑइल लावून ठेवायचं.

औषधांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की वापरलं की संपलं, म्हणून ती जपून ठेवतात आणि शेवटपर्यंत वापरतच नाहीत. इथे तसं नाही. कुठलंही औषध, तेल किंवा बॉम्ब एकदाच बनवायचं, नंतर पिशवीत कडक दारू असली की ध्यान लावून एक तास काढला तरी सगळं आपोआप परत भरतं, त्यासाठी दारूची एक बाटली जाते. म्हणजे वाटेत सापडतील त्या झाडपाला-फुलं गोळा करायची, आणि अल्कोहेस्टसारखी दारू कधीही विकायची नाही. पहिलं औषध स्वॅलो, जखमा भरणारं. औषधं विषारी असतात, एकावर एक फार प्यायलात तर हिरवी पट्टी भरते आणि उलट जीवच जायला लागतो. सोबत पोळी-फळं काहीतरी खायला ठेवा, खाल्लं की हळूहळू ताकद येते.

आता गोष्टीबद्दल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

त्याच गावात झाडपाल्याची औषधं देणारी एक बाई आहे, तिच्या झोपडीत ग्रिफिननं जखमी केलेली एक मुलगी मरणाच्या दारात पडलेली. तुमच्याजवळ स्वॅलो आहे. पण ते विचरच्या शरीरासाठी बनवलेलं, साध्या माणसाला विषासारखं. द्यायचं की नाही? दिलं तर वाचेलही, पण काय होऊन वाचेल माहीत नाही, नाही दिलं तर शांतपणे जाईल. गेम तुम्हाला तिथल्या तिथे बरोबर की चूक सांगत नाही. उत्तर पुढे केव्हातरी, तुम्ही विसरलेले असताना, रस्त्यात भेटतं. तसंच लोहाराची भट्टी कुणी जाळली ते शोधायचं काम, सापडलेल्या माणसाचं काय करायचं ते तुमच्यावर. मी पहिल्या वेळी न्याय म्हणून त्याला पकडून दिलं आणि पुढे जे झालं ते बघून खेळ थांबवून थोडा वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती, निर्णय यूट्यूबवर शोधून घेऊ नका. लढाई जमत नसेल तर जरूर बघा, रस्ता सापडत नसेल तर बघा, पण माणसांच्या बाबतीत जे मनाला पटेल ते करा आणि जे होईल ते घेऊन पुढे चला. संवाद उडवू नका. काही वेळा उत्तराच्या खाली पट्टी कमी कमी होत जाते, तेवढ्या वेळात बोलावंच लागतं, गप्प बसणं हेही एक उत्तर धरलं जातं. विशेषतः सिरी भेटल्यानंतर तिच्याशी बोलताना घाईनं बटण दाबू नका, शेवट कसा होणार ते तिच्याबरोबरच्या छोट्या छोट्या प्रसंगांवर ठरतं आणि ते प्रसंग दिसायला अगदी साधे आहेत. येनफर आणि ट्रिस या दोन जादूगारणी भेटतील, दोघींनाही प्रेमाचा शब्द देऊ नका, एवढंच सांगतो.

सेव्ह मात्र हातानं करत राहा. लढाईत आणि संवादात सेव्ह होत नाही, म्हणून कुणाशी महत्त्वाचं बोलायच्या आधी एक वेगळं सेव्ह ठेवा, कॉम्प्युटरवर एफ५ दाबलं की झटकन होतं. लाइट कधी जाईल भरवसा नाही, डेस्कटॉपवाल्यांनी तर दर वीस मिनिटांनी करावं. बरंच पुढे आयल ऑफ मिस्ट्स म्हणून जागा येते, तिथे निघायच्या आधी गेम स्वतः सावध करतो की आता बरीच बाजूची कामं बंद होतील. तो इशारा खरा आहे, तिथे एक सेव्ह कायमचं बाजूला ठेवा आणि मित्रमंडळींची राहिलेली कामं आधी उरका, त्यांतल्या काहींचा पुढच्या लढाईत उपयोग होतो.

किरकोळ पण जीव घेणाऱ्या गोष्टी पटापट सांगतो. उंचावरून उडी मारू नका, गेराल्ट राक्षस मारतो पण दोन मजल्यांवरून पडला की मरतो. शिपायांसमोर कुणाच्या घरातलं सामान उचलू नका, व्हाइट ऑर्चर्डचे काळे चिलखतवाले शिपाई तुम्हाला दोन वारांत लोळवतील. पाण्याखाली ड्राउनर, म्हणजे पाण्यातले राक्षस, आले तर क्रॉसबो वापरा, एका बाणात जातात. तलवारीची डागडुजी करत राहा, लोहाराकडे दुरुस्तीचं सामान मिळतं. लांबचा प्रवास रस्त्यावरच्या पाट्यांपासून होतो, म्हणून जाता जाता प्रत्येक पाटीला भेट द्या. आणि घोडी, रोच, तिला रस्त्याला लावून पळवायचं बटण धरून ठेवलं की ती वळणं स्वतःच घेते.

ग्वेंट, म्हणजे गेमच्या आतला पत्त्यांचा खेळ, पहिल्यांदा बघून खूप जण नको म्हणतात. तसं करू नका. सरायीतला एक विद्वान शिकवतो, तिथेच दोन डाव खेळा. दहा पत्ते हातात, तीन फेऱ्यांतल्या दोन जिंकायच्या, आणि मुख्य म्हणजे दर फेरीला नवीन पत्ते मिळत नाहीत, तेच दहा पुरवायचे. त्यामुळे पहिल्या फेरीत सगळा जोर लावणारा हरतो. आपल्याकडे मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल, हुकूम कधी काढायचा नाही तेच खरं कसब. गुप्तहेर पत्ता समोरच्याच्या बाजूला टाकायचा, त्याला थोडे गुण मिळतात पण तुम्हाला दोन पत्ते मिळतात, सुरुवातीला याच्यापेक्षा भारी चाल नाही. गड्डीत कमीत कमी २२ योद्धे लागतात, २२ च ठेवा, कमजोर पत्ते काढून टाका. आणि सरायवाल्यांकडे जे पत्ते मिळतील ते लगेच घेऊन टाका.

वेलेनमध्ये पोचलात की पहिला तास एकदम उदास वाटतं, चिखल, झाडाला लटकलेले लोक, पाऊस. नकाशावर इतकी प्रश्नचिन्हं येतात की डोकं गरगरतं. ती सगळी पुसायची नाहीयेत. जर्नलमध्ये प्रत्येक कामाची लेव्हल लिहिलेली असते, तुमच्या जवळपासची घ्या, लाल दिसणारी नंतर. आणि तुमच्यापेक्षा बऱ्याच खालची कामं फार दिवस ठेवू नका, खूप मागे राहिली की अनुभवाचे पॉइंट जवळजवळ मिळतच नाहीत. मुख्य गोष्ट धरून सरळ क्रोज पर्चला, ब्लडी बॅरनकडे जा. त्याची बायको आणि मुलगी नाहीशी झालीये, सिरीबद्दल तो तेव्हाच सांगणार जेव्हा तुम्ही त्यांना शोधाल.

हा भाग एकट्यानं आणि सावकाश खेळा, किंवा घरातलं कुणी गोष्ट ऐकणारं असेल तर त्यांना बसवा. माझी आई मागे दिवाणावर मटार सोलत बसली होती, आधी नुसतं, "काय करून राहिला आहेस रे, जेवायला चल," आणि मग तासाभरानं मटार तसेच आणि ती विचारतेय, "पण ती बाई घर सोडून का गेली, ते विचार ना त्याला." मी पर्याय वाचून मराठीत सांगायचो आणि ती ठरवायची. बॅरन दारू पिऊन घरात काय करायचा ते उघड झालं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की असे दोन संसार तिनं स्वतः बघितलेत, आणि माफ करायचं की नाही ते त्या बाईनं ठरवावं, तू नको ठरवूस. मी इतके गेम खेळलोय, पण एखाद्या गेममुळे आमच्या घरात असं बोलणं झालं ते पहिल्यांदाच. त्यामुळे या भागात मध्येच बाजूच्या कामाला पळू नका, सलग करा.

त्यानंतर नोविग्राड, मोठं शहर, तिथे पळापळ आणि निरोप्याची कामं जरा जास्त आहेत, मध्ये कंटाळा आला तर वेलेनला येऊन एखादं राक्षसाचं काम करून परत जा, फार छान मोकळं वाटतं. दहा-अकराव्या लेव्हलच्या आसपास ग्रिफिन स्कूलचं, म्हणजे विचरांच्या एका परंपरेचं, चिलखत शोधा, ते बनवायचे आराखडे वेलेनमध्येच मिळतात आणि खुणा वापरणाऱ्याला ते चांगलं. चपळ खेळायचं असेल तर फेलाइन, मार सहन करायचा असेल तर अर्साइन. विचरांच्या या चिलखतांपुढे दुकानातलं महागडं सामान सहसा टिकत नाही, म्हणून पैसे तिथे उडवू नका.

पैसे लागणार आहेत स्केलिगेला, म्हणजे बेटांवर जायला, साधारण १६ लेव्हलला. जहाजाचा कॅप्टन हजार क्राउन मागतो. परवाच मावसभावाचा रात्री साडेदहाला फोन, म्हणे, "दादा, माझ्याकडे चारशेच आहेत, आता काय?" पिशवीत काय आहे विचारलं तर डाकूंच्या सतरा तलवारी. म्हटलं अरे त्या सरायवाल्याला विकू नकोस, हत्यारं लोहाराकडे, चिलखतं ती घडवणाऱ्याकडे, ज्याचा जो धंदा तो त्याचा भाव बरा देतो, आणि एका दुकानदाराचे पैसे संपले की दुसऱ्याकडे जा, मग फळीवरचं तुझ्या लेव्हलचं एखादं काम घे आणि घासाघीस कर. बाराच्या आत त्याचा मेसेज आला, जहाज सुटलं म्हणून.